पिट्युटरीचे ऑपरेशन करून मूल गावी आले, आता कोणत्या लक्षणाला थांबायचे नाही?

"ऑपरेशन चांगले झाले म्हणाले होते, मग दहाव्या दिवशी आकडी कशी आली?" "पोरगो सारखो पाणी मागता, देवचा काय नको?" "ज्या स्टिरॉइडमुळे पोर सुजले तेच औषध परत कशाला देतात?" मुलाच्या पिट्युटरी ग्रंथीवर मुंबईत ऑपरेशन करून कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेगसारख्या किनाऱ्यावरच्या गावी परतलेल्या पालकांना हे प्रश्न हमखास पडतात. त्यांच्या मुळाशी एकच भीती असते: मुलाच्या मेंदूला धक्का तर बसला नाही ना?

उत्तर आधीच सांगतो. पहिल्या दोन आठवड्यांत मूल झापडलेले दिसले, बरळू लागले किंवा त्याला आकडी आली, तर त्याचे कारण पुष्कळदा ऑपरेशनची इजा हे नसते. रक्तातले सोडियम घसरलेले असते, नाहीतर शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन कमी पडलेले असते. दोन्ही गोष्टी काही तासांत ओळखता येतात आणि दोन्हींवर उपचार आहेत. उशीर झाला तर मात्र मेंदूला खरोखर इजा होते. कुणकेश्वरहून कणकवलीला पोचायला दीड तास, गोव्यातल्या बांबोळीला तीन-चार तास आणि मुंबईला अख्खी रात्र जाते, म्हणून हे आधीच माहीत असायला हवे.

एवढे शरीरशास्त्र पुरे

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी असते आणि मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्या वरून दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या आणि डोळे हलवणाऱ्या नसा आहेत. थेट वर हायपोथॅलॅमस आहे, जिथून तहान, भूक आणि झोप यांचे नियंत्रण होते. त्यामुळे इथल्या ऑपरेशननंतर त्रास होतो तो नजरेचा, पाण्या-मिठाचा, भुकेचा किंवा झोपेचा.

मुलांमध्ये या जागेची बरीच ऑपरेशने क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाच्या गाठीसाठी होतात. दुसरे महत्त्वाचे कारण कुशिंग रोग. त्यात वजन वाढत जाते आणि उंची मात्र थांबते. वाढीचे हार्मोन जास्त तयार करणारी गाठ क्वचित आढळते.

ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी

गाठ प्रोलॅक्टिन तयार करणारी असेल, तर बहुतेक मुलांत पहिला उपचार गोळ्यांचा असतो. म्हणून "ही गाठ नेमकी कोणती आणि औषधाने भागेल का?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. त्यानंतर हे विचारा:

- मुलांची अशी ऑपरेशने इथे नियमित होतात का? लहान मुलांत नाकामागची हाडातली पोकळी पूर्ण तयार झालेली नसते, त्यामुळे नाकातून दुर्बिणीने जाणे मोठ्यांपेक्षा अवघड असते.
- याच रुग्णालयात हार्मोनतज्ज्ञ आहेत का, आणि ऑपरेशननंतर ते मुलाला रोज पाहणार का?
- नजरेची आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी ऑपरेशनआधी होणार का? नंतर तुलना करायला ती लागते.
- रात्री फोन कुणाला करायचा?

माझे मत स्पष्ट आहे. जवळच्या शहरात क्वचित असे ऑपरेशन करणाऱ्या शल्यविशारदापेक्षा, लांब असले तरी ते सतत करणारे केंद्र निवडा. परळच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जरी आणि हार्मोनविकार यांचे विभाग एकाच आवारात आहेत. तिथे काम करताना डॉ. नलिनी शाह आणि डॉ. अनुराग लीला यांनी मुलांमधल्या कुशिंग रोगावर शोधनिबंधही लिहिले आहेत. गाठीचा भाग मागे राहिला आणि किरणोपचार लागले, तर टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या आवारात प्रोटॉन किरणोपचाराची सोय आहे. मुलाला त्याचा उपयोग आहे का, हे तिथले डॉक्टर सांगतील.

पहिले १४ दिवस: पाणी आणि मीठ

हा भाग नीट वाचा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

शरीरात पाणी धरून ठेवणारे हार्मोन पिट्युटरीच्या मागच्या भागातून रक्तात येते. ऑपरेशनमध्ये तो भाग दुखावला, तर काही मुलांत तीन टप्पे दिसतात. पहिल्या दोन दिवसांत हार्मोन थांबते. मूल सतत तहानलेले असते आणि रंगहीन, भरमसाट लघवी होते. हे काही दिवस चालते. मग साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास उलटे होते: दुखावलेल्या पेशींतले साठलेले हार्मोन एकदम सुटते, लघवी कमी होते, पाणी शरीरातच राहते आणि सोडियम पातळ होऊन घसरते. साठा संपला की काही मुलांत भरमसाट लघवीचा त्रास पुन्हा सुरू होतो आणि कायमचा राहतो. सगळ्याच मुलांत तिन्ही टप्पे येत नाहीत. कुणाला फक्त पहिला टप्पा येतो, कुणाला फक्त मधला.

फसवणूक होते ती मधल्या टप्प्यात. लघवी कमी झाली म्हणून घरचे निश्चिंत होतात. नेमके याच दिवसांत डिस्चार्ज मिळून मूल गावी आलेले असते. अशक्त दिसते म्हणून शहाळे, पेजेची निवळ, सरबत असे काही ना काही सतत पाजले जाते. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी असते, त्यामुळे या टप्प्यात ते शक्ती देत नाही, उलट सोडियम आणखी पातळ करते. मग डोके दुखते, मळमळते, मूल चिडचिडे होते, झापड येते आणि शेवटी आकडी येते.

रक्तातले सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवे. ते १२५ च्या खाली गेले, तर आकडीचा धोका बराच वाढतो. तपासणी साधी आहे, 'सीरम इलेक्ट्रोलाइट्स' या नावाने होते. तुम्ही करायचे ते असे:

- वही ठेवा. किती प्यायले, किती लघवी झाली, दोन्ही मापाच्या भांड्याने मोजून मिलिलिटरमध्ये लिहा. २० किलोच्या मुलाला सलग दोन-तीन तास दर तासाला ८० ते १०० मिलीपेक्षा जास्त लघवी झाली, तर फोन करा.
- रोज सकाळी वजन करा, त्याच काट्यावर, लघवी झाल्यावर आणि खाण्याआधी. एका दिवसात किलोभर वाढले तर ते पाणी साठल्याचे लक्षण आहे. किलोभर घटले तर पाणी फार गेले आहे.
- सातव्या दिवसाच्या आसपासची सोडियम तपासणी डिस्चार्ज कार्डावर तारखेसह लिहून घ्या. मूल अगदी बरे दिसले तरी ती चुकवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात दिलेला नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जात असेल, तर अहवाल कधी येणार ते विचारा. या तपासणीचा अहवाल त्याच दिवशी हातात पडला पाहिजे.
- पाणी वाढवायचे की कमी करायचे, हे स्वतः ठरवू नका. पहिल्या टप्प्यात तहान लागेल तेवढे प्यायला द्यावे लागते, मधल्या टप्प्यात पाणी मोजून द्यावे लागते. टप्पा कोणता, हे अहवालावरून डॉक्टर सांगतील.
- मिठाचे पाणी पाजून घरच्या घरी सोडियम वाढवू नका. घसरलेले सोडियम फार वेगाने वर गेले तरी मेंदूला इजा होते.

पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनऐवजी डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या किंवा नाकातला फवारा सुरू असेल, तर एक ठळक सूचना. डोस जास्त झाला तर पाणी साठते आणि सोडियम घसरते. "लघवी जास्त वाटली म्हणून आणखी एक गोळी दिली" असे करू नका. पुढच्या डोसाआधी एकदा भरपूर लघवी व्हायला हवी का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. फवारा कसा साठवायचा ते खोक्यावर वाचा. काही फवाऱ्यांना फ्रिज लागतो आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर वीज किती वेळ जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी गोळीचा पर्याय मागा.

मोठी गाठ काढलेल्या काही मुलांना तहानच लागत नाही. त्यांच्या बाबतीत "मागेल तेव्हा देऊ" हा नियम घातक आहे. त्यांना घड्याळ लावून, ठरलेल्या मापाने पाणी द्यावे लागते, आणि चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात ते माप डॉक्टरांकडून वाढवून घ्यावे लागते.

सगळ्यांत सोपा उपाय असा की, पहिले दोन आठवडे मुंबईतच काढा. नातेवाइकांकडे, लालबाग-परळच्या गावमंडळाच्या खोलीत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळते का, हे ऑपरेशनची तारीख ठरताच विचारा. मागाहून धावत जाण्याच्या खर्चापेक्षा हा खर्च कमी आहे.

ही लक्षणे दिसली की निघायचे, सकाळची वाट पाहायची नाही

- अचानक धूसर दिसणे, एकाचे दोन दिसणे, पापणी खाली पडणे. ऑपरेशनच्या जागी रक्त साठून डोळ्यांच्या नसांवर दाब आल्यास तासातासाला नजर जाते.
- वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकणे किंवा घशात खारट पाणी उतरणे. ही सर्दी नसून मेंदूभोवतालचे पाणी असू शकते. स्वच्छ बाटलीत थोडे जमवा, उशी उंच ठेवा, नाकात कापूस कोंबू नका.
- ताप, जोराची डोकेदुखी, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे. पाणी गळत असेल तर मेंदूज्वराचा धोका असतो.
- सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, हळूहळू वाढणारी झापड.
- नाकातून न थांबणारा रक्तस्राव, ऑपरेशनला दोन-तीन आठवडे झाले असले तरी.
- आकडी, बरळणे, हाक मारून नीट जाग न येणे.

आकडी आली तर

मुलाला कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटे जातात. आकडी ५ मिनिटांत थांबली नाही किंवा पुन्हा आली, तर १०८ ला फोन करा. थांबली तरी त्याच दिवशी सोडियम, साखर आणि कॅल्शियम तपासून घ्या. देवाला गाऱ्हाणे घालायचे असेल तर ते घरच्या वडीलधाऱ्यांनी घालावे आणि मुलाला घेऊन गाडीने त्याच वेळी निघावे.

पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरांना हे वाक्य सांगा: "याचे पिट्युटरीचे ऑपरेशन झाले आहे, सोडियम आणि कॉर्टिसोलचा प्रश्न असू शकतो, नाकातून नळी घालू नका." मेंदूच्या तळाच्या हाडाला भोक असताना नाकातून घातलेली नळी धोक्याची ठरते.

आकडीवर औषध सुरू झाले तर हार्मोनतज्ज्ञांना कळवा. फेनिटॉइन आणि कार्बमाझेपिनमुळे हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे गोळीतून दिलेले कॉर्टिसोल, शरीरातून लवकर संपते, त्यामुळे डोस वाढवावा लागू शकतो. कार्बमाझेपिन सोडियमही उतरवते. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनचेही हायड्रोकॉर्टिझोनच्या बाबतीत तसेच आहे.

स्टिरॉइडची भीती आणि हायड्रोकॉर्टिझोन

कुशिंग झालेल्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसोल अतोनात वाढलेले होते. गाठ काढल्यावर ते जवळजवळ शून्यावर येते, कारण उरलेल्या निरोगी पेशी झोपी गेलेल्या असतात. त्या जाग्या व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. तोपर्यंत शरीराला लागते तेवढेच कॉर्टिसोल गोळीतून द्यावे लागते. ही सूज आणणारी मात्रा नव्हे. या काळात अंग दुखणे, गळून जाणे, उदास वाटणे अपेक्षित आहे. मूल आळशी झाले असे समजू नका. इतर गाठींनंतर काही मुलांना ही गोळी जन्मभर लागते.

ती शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून किंवा वजन वाढते म्हणून बंद केली, तर साध्या तापातही रक्तदाब आणि साखर कोसळते, मूल बेशुद्ध पडते. म्हणून:

- ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला तर साधारणपणे डोस दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट करतात. तुमच्या मुलाचा नेमका आकडा कार्डावर लिहून घ्या आणि तोच पाळा.
- गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी परत द्या. पुन्हा उलटी झाली तर हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शनच लागते.
- इंजेक्शनची मात्रा सहसा ३ वर्षांखालील मुलांना २५, ३ ते १२ वर्षांपर्यंत ५० आणि त्यापुढे १०० मिलिग्रॅम असते. कुपी, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी घरात एकाच डब्यात ठेवा. मांडीत इंजेक्शन कसे द्यायचे ते डिस्चार्जआधी परिचारिकेकडून हाताने करून शिका. गावातल्या आशाताईंना डबा कुठे आहे ते सांगून ठेवा.
- थायरॉइडची गोळी नव्याने सुरू करायची असेल, तर आधी कॉर्टिसोल पुरेसे आहे ना, याची खात्री डॉक्टरांनी केलेली असावी. उलट क्रमाने मूल कोसळू शकते.

नाकाची काळजी

डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडे ठेवून द्यायची, स्ट्रॉने प्यायचे नाही, जड उचलायचे नाही आणि शौचाला जोर करायचा नाही. जलनेती आणि समुद्रात किंवा विहिरीत पोहणे पूर्ण बंद. कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा या दिवसांत आली, तर मुलाला गर्दीत नेऊ नका.

कुठे न्यायचे

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन आणि सलाईन मिळवा, मग पुढे निघा. कॉर्टिसोल कमी असल्याची शंका असेल, तर तपासणीच्या अहवालासाठी इंजेक्शन थांबवायचे नसते. सोडियम कळल्याशिवाय मीठ नसलेले नुसते ग्लुकोजचे सलाईन लावू नये, याची नम्रपणे आठवण करून द्या. साखर उतरली असेल तर मिठाच्या सलाईनबरोबर ग्लुकोज देता येते.

पुढचा टप्पा कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय. न्यूरोसर्जन लागणार असेल, म्हणजे नजर गेली, पाणी गळते किंवा शुद्ध हरपते आहे, तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय वेळेच्या हिशेबाने मुंबईपेक्षा जवळ आहे. निघताना मुंबईच्या डॉक्टरांचे तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून द्या.

खर्च, कागद आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबेही तिच्यात येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी भेटा. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधे आणि घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे योजनेत धरलेले असते. बरेच लोक ते मागत नाहीत. चौकशीचा क्रमांक १५५३८८. गोव्यात न्यावे लागलेच तर तिथे योजना लागू होते का, हेही या क्रमांकावर आधीच विचारून ठेवा.

राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला देवगडहून आधीच काढून ठेवा.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे. उपचारांच्या नोंदींची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवी. डिस्चार्ज कार्डावर निदान, शेवटचे सोडियम, हायड्रोकॉर्टिझोन आणि डेस्मोप्रेसिनचे डोस, आजारपणातला वाढीव डोस, पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि आणीबाणीचा फोन एवढे नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय निघू नका. एमआरआयची सीडीही मागून घ्या.

शाळा आणि पुढची वर्षे

शिक्षकांना लेखी कळवा: मुलाला पाण्याची बाटली जवळ लागेल, लघवीला केव्हाही जाऊ द्यावे, उलटी किंवा झापड आली तर घरी न पाठवता पालकांना आणि १०८ ला फोन करावा.

क्रॅनिओफॅरिंजिओमानंतर काही मुलांची भूक आवरत नाही आणि वजन झपाट्याने वाढते. हायपोथॅलॅमस दुखावल्याने ते होते. मुलाला हावरट म्हणू नका, घरातले खाणे कुलपात ठेवावे लागले तरी ठेवा आणि आहारतज्ज्ञांची मदत घ्या. लक्ष न लागणे, विसरणे, दिवसा झोप येणे हेही डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शने सुरू झाल्यावर नवी डोकेदुखी किंवा अंधूक दिसणे आले, तर डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्या.

नजर कायमची कमी झाली असेल, तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि परीक्षेत लेखनिक व जादा वेळेसाठी मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करता येतो. १८ वर्षांखालील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी आणि शाळेत येऊन करते. वजन वाढते आहे पण उंची थांबली आहे असे मूल तुमच्या वर्गात किंवा वाडीत दिसले, तर त्या पथकाला जरूर दाखवा.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो आजच आई, वडील आणि शेजारचा एक माणूस अशा तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि सोडियमच्या तपासणीची तारीख ठरवल्याशिवाय परतीचे तिकीट काढू नका.